दहावीच्या निरोपाला सगळे शिक्षक हवेत

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी उजाडला की मुंबईतल्या मराठी शाळांमध्ये दहावीच्या निरोप समारंभाची गडबड सुरू होते. पूर्वपरीक्षा आटोपलेली असते, बोर्डाची परीक्षा हाकेच्या अंतरावर आलेली असते. नववीची मुलं सभागृह सजवतात. मुली आईची साडी नेसून येतात आणि निऱ्यांना पिन लावायला एखाद्या बाईच पुढे होतात. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण, दोघातिघांची मनोगतं, हातात पेन आणि गुलाब, शेवटी समोसा-वेफर्सची बशी. हे सगळं असावंच. मला आज बोलायचंय ते त्या सभागृहात जे शिक्षक नसतात त्यांच्याबद्दल.

मी गिरणगावातल्या एका शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त झाले आहे. समारंभाला दहावीचे वर्गशिक्षक असतात, विषय शिकवणारे चार-पाच जण असतात. पण पाचवी-सहावीत ज्यांनी या मुलांना हाताळलं, ते त्या वेळी आपापल्या वर्गावर तास घेत असतात. प्राथमिकच्या बाई सकाळच्या अधिवेशनाच्या, त्या दुपारी कधीच्या गाडीत बसलेल्या असतात. चित्रकलेचे सर आणि पीटीचे सर हजर असतात खरे, पण एक माईक बघत असतात आणि दुसरे रांगा लावत असतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतल्या ग्रेडचे आणि खेळाचे वाढीव गुण दहावीच्या गुणपत्रिकेत जमा होतात, त्यामागे या दोघांचे कितीतरी शनिवार-रविवार गेलेले असतात. त्यांच्यासाठी व्यासपीठावर एक खुर्ची ठेवायला काय हरकत आहे?

मुलांना मात्र सगळे आठवत असतात. एका वर्षी समारंभ संपल्यावर दहावीचा एक उंचपुरा मुलगा दुसऱ्या मजल्यावरच्या पाचवीच्या वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिला. बाई फळ्यावर अपूर्णांक शिकवत होत्या. ‘बाई, आत येऊ?’ म्हणाला आणि सरळ पाया पडला. बाईंनी डोक्यावर हात ठेवला तर केसांना खडू लागला. ‘पाढे येतात का रे आता?’ ‘बाई, एकोणतीसचा अजून अडतो.’ सगळा वर्ग हसला. मग त्याच्यामागून आणखी मुलं आली, व्हरांडाभर रांग लागली आणि पाचवीचा तो तास बुडाला. माझ्या मते त्या वर्षीचा खरा निरोप समारंभ त्या व्हरांड्यात झाला.

या दिवसाला इतकं महत्त्व का, तर आपल्याकडे त्यानंतर सगळे एकत्र असे येतच नाहीत. परीक्षेचं केंद्र बहुधा दुसऱ्याच शाळेत असतं. निकाल घरी मोबाइलवर कळतो. गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला जो तो आपल्या सवडीने येतो, ऑफिसच्या खिडकीत सही करतो आणि निघतो. अमेरिकेत हायस्कूल संपलं की मे-जूनमध्ये पदवीदानासारखा सोहळा होतो. तिथे बऱ्याच शाळांमध्ये शिक्षकही झगे घालून मुलांबरोबर रांगेने येतात, काही ठिकाणी तर ही हजेरी नोकरीच्या करारातच लिहिलेली असते. झग्यांची हौस मला नाही. पण मुलाचं नाव पुकारलं जाताना त्याला शिकवणारी माणसं समोर बसलेली असावीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ती नसली तर काय होतं हे आपण 2021 मध्ये पाहिलं आहे. त्या वर्षीच्या मुलांची दहावी जवळजवळ सगळीच मोबाइलवर गेली. परीक्षा रद्द झाली, 16 जुलैला अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्यात 99.95 टक्के मुलं पास झाली. गुण भरपूर मिळाले, पण निरोप कुणी दिलाच नाही. त्या बॅचची मुलं आजही भेटली की म्हणतात, ‘बाई, आमचा सेंड-ऑफ राहिलाच.’

शिक्षक मुद्दाम येत नाहीत असं कुणी समजू नये. पूर्वपरीक्षेचे गठ्ठे तपासायचे असतात. मतदार यादीचं काम मागे लागलेलं असतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावायला बंदी केली, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांना सूट ठेवली आणि आमची बरीचशी धावपळ त्या सूट दिलेल्या कामांसाठीच होते. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना तर घेतलेल्या तासांचाच पैसा मिळतो. त्यांनी बदलापूरहून किंवा विरारहून पदरचं भाडं खर्चून यावं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्यांचा तो दिवस संस्थेने तास धरून भरावा. एवढी रक्कम पाहुण्यांच्या शालीत आणि श्रीफळात सहज जाते.

आणि वेळ निवडा ती दोन अधिवेशनांच्या सांध्यावरची. सकाळचे निघायच्या आधी आणि दुपारचे आल्यावर तासभर सगळे सापडतात. पाहुण्यांनी दहा मिनिटं बोलावं. उरलेल्या वेळात पहिलीपासूनच्या शिक्षकांना एकेक करून पुढे बोलवा. प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना बोलवा, घंटा देणाऱ्या मामांना बोलवा. निवृत्त झालेल्यांना एक फोन करा, गुडघे दुखत असले तरी ते येतील.

आणखी एक दिवस आहे, त्याची फारशी चर्चा होत नाही. गुणपत्रिका वाटपाचा दिवस. नव्वद टक्केवाल्यांचे पेढे त्या दिवशी स्टाफरूममध्ये येतात. एखाद-दुसऱ्या विषयात राहिलेला मुलगा मात्र फिरकत नाही, आईला पाठवतो. 2015 पासून दहावीची पुरवणी परीक्षा जुलैच्या सुमारास होऊ लागली, त्यामुळे वर्ष वाचू शकतं, पण फॉर्म भरायची मुदत थोडी असते आणि ती त्या आईला माहीत नसते. त्या दिवशी खिडकीशी क्लार्कबरोबर वर्गशिक्षक उभे असले, तर फॉर्म तिथेच भरून होतो आणि गणिताच्या सरांशी त्याच टेबलावर बोलणंही होतं. म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, या वर्षी दोन्ही तारखा ठरवताना आधी स्टाफरूममध्ये विचारा, पाहुण्यांना फोन त्यानंतर करा.

नमस्कार.