मुंगीचे पाय कुठून निघतात?

श्रोतेहो, नमस्कार.

माझी भाची आठवीत शिकते. तिची एक वही आहे, दोन्ही बाजूंनी वापरलेली. सुलट बाजूने किड्या-मुंग्यांची चित्रं आणि उलट बाजूने नुसते आकडे. ४, ०, ७, ७, ३. हे आकडे दोरीच्या उड्यांचे. एका उडीत दोरी दोनदा पायांखालून काढायची, अशी दुहेरी उडी तिला जमवायची होती. न अडखळता सलग किती झाल्या, तेवढं रोज लिहून ठेवायचं.

वही पाहून माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कुठल्या क्लासला जातेस गं?"

तिला तो प्रश्नच कळेना. म्हणाली, "क्लास कशाला? मीच शिकतेय."

या 'मीच शिकतेय'बद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

ती शिकत कशी होती, ते सांगते. पहिले काही दिवस ती खांद्यापासून हात फिरवायची. खूप जोर लावायची. दोरी अडकायची, पोटऱ्यांवर वळ उठायचे. मग तिच्या लक्षात आलं, की दोरीच लांब आहे. दोरीच्या मधोमध पाय ठेवून दोन्ही टोकं वर ओढली तर ती साधारण काखेपर्यंत यावीत. त्याहून फार लांब दोरी असली की ती हवेत रेंगाळते. तिने मुठींजवळ गाठी मारल्या. मग कळलं, की हात नाही, मनगटं फिरवायची असतात. गुडघे पोटाशी घेतले की उडी उंच गेल्यासारखी वाटते, पण खाली येताना तोल जातो, हेही कळलं. त्या आठवड्यात वहीतला आकडा ७ वरून ११ वर गेला.

बाहेरून पाहणाऱ्याला ती फक्त उड्या मारताना दिसते. आत मात्र एक अंदाज बांधला जातो, तो पायांवर पडताळला जातो, आणि चुकला तर पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलली जाते. कधी संध्याकाळभर धडपडूनही जमत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहज जमून जातं. हा चमत्कार नाही. शरीराने शिकलेली हालचाल झोपेत पक्की होत असते.

आता चित्रांकडे येते. तिने सुरुवातीला काढलेल्या मुंग्यांना सहा पाय होते, पण ते सगळे पोटाला चिकटवलेले. नंतरच्या पानांवर पाय पुढे सरकले, मधल्या भागाला आले. तेच बरोबर आहे. कुठल्याही कीटकाचे सहाही पाय वक्षातून निघतात, पोटातून नाही. मजा अशी, की हे वाक्य तिला पाठ होतं. परीक्षेत तिने ते बिनचूक लिहिलंही होतं. पण पेन्सिल हातात घेऊन भिंतीवरच्या मुंगीपुढे बसेपर्यंत तिने ते पाहिलेलं नव्हतं. वक्ष आणि पोट यांच्यामधली ती बारीक कंबरसुद्धा तिला तिथेच दिसली. मी अनेक वर्षं शिकवते आहे, आणि उत्तर येणं आणि गोष्ट दिसणं यांतलं अंतर मला त्या चित्रांइतकं स्वच्छ कुणी दाखवलं नव्हतं.

सांतियागो रामोन इ काहाल हा शास्त्रज्ञ १८५२ साली स्पेनमध्ये जन्मला. लहानपणी त्याला चित्रं काढण्याचं विलक्षण वेड. वडील वैद्यकीय व्यवसायातले. त्यांना हा वेळेचा अपव्यय वाटे. पुढे विद्यार्थिदशेत त्याला व्यायामशाळेचाही नाद लागला. मोठेपणी तो सूक्ष्मदर्शकातून मेंदूच्या पेशी पाहू लागला, तेव्हा पाहिलेलं कागदावर उतरवायला तोच चित्रं काढणारा हात होता. १९०६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं, आणि त्याने काढलेली चेतापेशींची चित्रं आजही अभ्यासली जातात. चार्ल्स डार्विनचंही तसंच. केंब्रिजला तो धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होता, आणि जीव मात्र भुंगेरे गोळा करण्यात. एकदा दोन्ही हातांत एकेक दुर्मीळ भुंगेरा असताना तिसरा दिसला, तर याने हातातला एक तोंडात टाकला! त्या किड्याने असा जळजळीत द्रव सोडला की तो थुंकावा लागला, आणि तिसराही निसटला. त्याने स्वतःच हे लिहून ठेवलं आहे.

ही उदाहरणं देताना मला थोडी धास्ती वाटते. ऐकणाऱ्या एखाद्या आईबाबांच्या मनात लगेच येईल, म्हणजे छंदाचा पुढे उपयोग होतो तर! उपयोग होईल किंवा होणार नाही. डार्विन भुंगेऱ्यांच्या मागे धावला तेव्हा पुढचं काही त्याला ठाऊक नव्हतं. त्याला तो भुंगेरा हवा होता, एवढंच.

आणि इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. भाचीची वही मला इतकी आवडली, की मी म्हणाले, "दहा पानं भरलीस की तुला छान रंगपेटी देईन." तिने दोन दिवसांत दहा पानं भरली. सगळी फुलं, पाच पाकळ्यांची, एकसारखी, पटापट काढलेली. एकही मुंगी नाही. मी रंगपेटी दिली. त्यानंतर वही कितीतरी दिवस उघडलीच गेली नाही.

असं का झालं, याचं उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडलं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा हा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. बालवाडीतली चित्रं काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुलं काय करतात ते पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही इतरांहून कमी प्रतीची ठरली होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांच्या आवडीला मात्र धक्का लागला नव्हता. म्हणजे घात केला तो आधी घातलेल्या बोलीने. माझ्या रंगपेटीने नेमकं हेच केलं होतं.

म्हणून माझं पालकांना कळकळीचं सांगणं आहे : मुलाचा एखादा छंद दिसला की लगेच त्याला स्पर्धा, परीक्षा, प्रमाणपत्र जोडू नका. क्लास वाईट नसतो; पोहणं तर जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच शिकावं. पण मुलाने मागितल्यावर क्लास लावणं वेगळं, आणि छंद दिसला म्हणून लावणं वेगळं. एकच खेळ धरून त्यालाच जुंपण्याची घाईही नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सुचवलं, की एकाच खेळात झोकून देणं साधारण १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावं. तोवर मुलांना धावू दे, चढू दे, सायकल चालवू दे, आणि कंटाळा आला तर सोडूही दे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. त्यासाठी मैदान असलं तर उत्तम, नसलं तर दोरी पुरते.

आणि मुलांनो, तुम्हाला एक सांगते. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा जो करार मंजूर केला, त्याच्या ३१व्या कलमात विश्रांतीचा, मोकळ्या वेळेचा आणि खेळण्याचा तुमचा हक्क लिहिलेला आहे. गृहपाठ झाल्यावर उरला तर द्यायचा वेळ, असं तिथे म्हटलेलं नाही.

भाचीला मी पुन्हा वहीबद्दल काहीच विचारलं नाही. सोपं नव्हतं ते. परवा रात्री तिचाच फोन आला. "मावशी, कोळ्याचे आठ पाय कुठून निघतात गं? पुढच्या भागातून की पोटातून?"

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "कोळी आहे का तिथे?"

"खिडकीत आहे."

"मग बघ ना."

तिने फोन तसाच खाली ठेवला. मला तिची पावलं ऐकू आली, मग खुर्ची सरकवल्याचा आवाज, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी फोन कानाला लावून बसून राहिले.