पोपडे धरलेली खोली भाड्याने घेताना

(नागपुरात फोटोग्राफी आणि लघुपट शिकणाऱ्या मुलांसमोर केलेलं व्याख्यान, थोडं संपादून)

पडकी खोली शूटिंगला घेता तेव्हा तुम्ही चार भिंतींचे नाही, त्या भिंतींच्या पडझडीचे पैसे मोजता. हे मालकाच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड. नागपूरच्या महाल भागातल्या एका आजोबांनी रेकीलाच, म्हणजे जागा पाहायला गेलो तेव्हाच, सांगितलं, "थांब बावा, आठ दिवसांत भिंतीले चुना मारून देतो, मंग काढ फोटो." त्यांच्या दृष्टीनं पाहुणचारच होता तो. म्हणून ॲडव्हान्स देतानाच लिहून घ्या: शूटिंगचं शेवटचं शेड्यूल संपेपर्यंत रंग नाही, डागडुजी नाही. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. दोन शेड्यूलच्या मधे एक पोपडा गळून पडला, तर नायिका दारातून आत येईपर्यंत भिंत बदललेली दिसते.

महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत चुना, वीट आणि सागवान. जमिनीची ओल भिंतीत वर चढते, सोबत क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि आतून रंगाला ढकलतात. आपण म्हणतो लोणा लागला. मग निळ्याखालचा हिरवा, हिरव्याखालचा पिवळा असे कुणाकुणाच्या लग्नाला दिलेले हात एकाच ठिकाणी उघडे पडतात. वर कुणी ऑइल पेंट मारला असेल तर ओल कोंडते आणि रंगाचे पापुद्रेच्या पापुद्रे लोंबतात. सेटवर हे रंगवता येतं, पण कॅमेरा तिरक्या उजेडात जवळ गेला की कळतं.

उजेडाचं गणित मात्र नागपुराप्रमाणेच करा. मेच्या शेवटी भर दुपारी इथला सूर्य थेट डोक्यावर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी साधारण 45 अंशांवर असतो. खिडकीचा माथा सहा फुटांवर असेल, तर भिंतीची जाडी वजा जाऊनही कवडसा चारेक फूट आत पडतो, वरती छज्जा नसला म्हणजे. धूळ उडवा, पट्टा दिसतो. उन्हाळ्यात हाच कवडसा दिव्यानं बनवायला गेलात, तर मीटर आणि वायरिंग आधी वायरमनला दाखवा, नाहीतर जनरेटर आणा. जुन्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगवर मोठा दिवा लावणं म्हणजे आगीला निमंत्रण.

आर्ट डिपार्टमेंटवर एक डोळा ठेवा. कोळ्याची जाळी दाखवायला ही मंडळी रबर सोल्यूशन पंख्यासमोर उडवतात. ते नक्षीच्या खांबावर बसलं की निघता निघत नाही. धुळीला मुलतानी माती चालते, ती झाडता तरी येते. खरी जाळी असताना खोटी कशाला लावायची, हेही मला कधी समजलं नाही.

आता जी गोष्ट पोरं हसण्यावारी नेतात ती. जुनी खोली वेगळी, धोक्याची वेगळी. तुळईला पोक आलंय का पाहा. खांबाच्या बुडाशी बोटाच्या पेरानं ठोकून बघा, पोकळ वाजला किंवा भुसा दिसला की वाळवीनं नाहीतर लाकूड पोखरणाऱ्या किड्यानं काम केलंय. वरच्या मजल्यावर कॅमेऱ्याची ट्रॉली, दिवे आणि वीस माणसं एकदम चढवू नका. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागली असेल तर विषयच संपला. पारव्यांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, आधी पाणी शिंपडा, तोंडाला चांगला मास्क लावा. पावसाळ्यात ओल झकास दिसते, पण छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, तेव्हाच घसरतात.

करार कुणाशी करता हेही पाहा. वाडा एकाच्या नावावर असतो असं नाही. पुण्याला गेलेला भाऊ, बाहेरगावी दिलेली बहीण यांचाही हिस्सा असतो. एकाने चावी दिली म्हणून सगळ्यांची संमती झाली असं समजू नका. दुसऱ्या दिवशी पुतण्या गेटवर उभा राहिला तर शिफ्ट वाया जाते.

आणि तुम्ही रीलवर 'नागपुरातला भुताचा वाडा' लिहून मोकळे होता, त्या घराचं पुढं काय होतं? तिथं मुलगी लग्नाची असते, घर विकायला काढलेलं असतं. ती खोली कुणाच्या आजीची बाळंतिणीची खोली होती. माझ्या करारात म्हणून एक ओळ पक्की आहे: घराचा पत्ता आणि कुटुंबाचं आडनाव कुठल्याही भयकथेशी जोडायचं नाही. जाहिरातीतही नाही, पडद्यामागच्या व्हिडिओतही नाही. यावर एका निर्मात्यानं भाडं कमी करायला सांगितलं होतं. मी दुसरा निर्माता पाहिला.