वेष्टन कोणाचे, वेचणी कोणाची

(दृश्य : लक्ष्मीपुरी, पहाट)

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील घाऊक दुकानांची शटर वर जाण्यापूर्वीच पायऱ्यांवरचे रिकामे खोके उचलले जातात. या कचरावेचक मावशी आधी खोक्यावरची चिकटपट्टी ओढून काढतात, तळाच्या घड्या उलगडून खोका सपाट करतात आणि पायाने दाबून गठ्ठ्यात बसवतात. ओला पुठ्ठा त्या बाजूला ठेवतात, कारण ओलाव्यापोटी भंगारवाला वजनात घट धरतो.

(दृश्य : गोदाम, निवड)

पाण्याच्या बाटलीचे झाकण एका पोत्यात जाते, कागदी पट्टी ब्लेडने कापून दुसऱ्यात आणि बाटली तिसऱ्यात, कारण झाकणाचे प्लास्टिक आणि बाटलीचे प्लास्टिक एकत्र वितळवता येत नाही. फळांच्या रसाचा हा खोका वरून पुठ्ठ्याचा दिसतो. फाडल्यावर आत प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर दिसतात. कागद गिरणीत रद्दी पाण्यात घुसळून लगदा करताना पुठ्ठ्याचे तंतू सुटतात, हा चंदेरी पापुद्रा मात्र तसाच उरतो. वेफरच्या पुडीचे थर तर नखाने सोडवूनही सुटत नाहीत, आणि गोदामात तिला भाव नाही.

हे थर ज्याने जोडले, त्यानेच ते निस्तरण्याचा खर्च उचलावा, या तत्त्वाला उत्पादकाची विस्तारित जबाबदारी म्हणतात. ते 2011 च्या प्लास्टिक कचरा नियमांत आले, 2016 मध्ये विस्तारले, आणि फेब्रुवारी 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्याला उद्दिष्टे दिली : 2024-25 मध्ये कडक वेष्टनांपैकी किमान 50 टक्के आणि लवचिक व बहुस्तरीय वेष्टनांपैकी 30 टक्के पुनर्प्रक्रिया, ती 2027-28 पर्यंत अनुक्रमे 80 आणि 60 टक्क्यांवर न्यायची. कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांसाठी अशाच नियमांचा मसुदा डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. प्लास्टिकच्या बाबतीत कंपनीने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याकडून तितका कचरा पुन्हा वापरात आणल्याची प्रमाणपत्रे विकत घ्यायची, अशी ही रचना आहे. 2023 मध्ये अशी सुमारे 6 लाख प्रमाणपत्रे बोगस निघाली. जी खरी असतात, तीही कारखान्याच्या काट्यावर जन्मतात, आणि तो काटा या गोदामापासून बराच दूर असतो. चिकटपट्टी काढणाऱ्या या बोटांची मजुरी त्या हिशेबात कोठेही दिसत नाही.

(दृश्य : राजाराम बंधारा)

पंचगंगेचा पूर ओसरला की बंधाऱ्याच्या खांबांना हे प्लास्टिक असे लोंबत राहते.

(दृश्य : गोदाम, संध्याकाळ)

पुठ्ठा, बाटल्या आणि झाकणे काट्यावर चढली, वहीत आकडे पडले. वेफरच्या पुड्यांचे पोते कोणी काट्यावर ठेवलेच नाही. ते महापालिकेच्या टिप्परमधून कसबा बावड्याच्या झूम कचरा प्रकल्पाकडे निघाले आहे, आणि टिप्परचे डिझेल कोल्हापूरकरांच्या घरफाळ्यातून भरले जाते.