लिंबाची दोन पानं आणि होमेरस

(दृश्य: कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीची गच्ची. गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं कागदी लिंबू.)

या पानावर काय पडलंय? पाखराची शीट. निदान आमच्या शेजारच्या काकूंचं तेच म्हणणं होतं, आणि पुसायला त्या ओलं फडकं घेऊन आल्याही होत्या. काडीनं जरा डिवचून बघा. चिडली! डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली आणि आंबूस, उग्र वास सुटला. हा सुरवंट आहे. लहानपणी शिटेसारखं दिसायचं, मोठं झालं की पानासारखं हिरवं व्हायचं आणि तरीही कुणी छेडलंच तर शिंगं उगारायची, अशी याची तऱ्हा.

पुढे याचं नीलवंत होईल, किंवा लिंबावर नेहमी येणारं लाइम बटरफ्लाय. इतक्या कोवळ्या वयात ते ओळखणं माझ्यासारख्या हौशी माणसाचं काम नाही.

(दृश्य: ताम्हिणी घाट, पावसाळा. ओढ्याकाठी उडणारं नीलवंत.)

नीलवंत म्हणजे ब्लू मॉर्मन. 2015 च्या जूनमध्ये ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. राज्य फुलपाखरू ठरवणारं देशातलं पहिलं राज्य आपलंच. सह्याद्रीतल्या रानात याचे सुरवंट माकडलिंबूवर वाढतात. पण शहरात पपनस मिळालं, कागदी लिंबू मिळालं, तरी त्याचं भागतं. म्हणून तर ते पुण्यातल्या बागांमध्येही दिसतं.

(दृश्य: जवळून. पानावर मादी.)

मादी कशी निवडते बघा. पंख थांबवत नाही. फडफडतच पुढच्या पायांनी पानावर टकटक करते. चव तिला पायांनी कळते. हे पान नको. तेही नको. तिसऱ्या कोवळ्या पानाशी पोट वाकवते आणि एक अंडं ठेवून निघून जाते. मोहरीएवढं, फिकट पिवळसर. सुरवंट काय खाणार, हे त्या टकटकीत ठरून गेलेलं असतं.

आता याच नीलवंताच्या एका भाऊबंदाकडे जाऊ. दोघांचं आडनाव पॅपिलिओ. शास्त्रात आडनाव आधी लिहितात. आपल्याकडचं पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर, ट्रॉयच्या युद्धकथांमधल्या एका राजाच्या नावाचं. तिकडचं पॅपिलिओ होमेरस, थेट कवी होमरच्या नावाचं. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसनं 1793 मध्ये त्याचं हे बारसं केलं.

(दृश्य: नकाशा. कॅरिबियन समुद्र, जमैका.)

जमैका म्हटलं की आपल्याला होल्डिंग, वॉल्श, बोल्ट आठवतात. पुणेकरांना गेल जरा जास्तच आठवतो. 2013 मध्ये त्यानं नाबाद 175 ठोकल्या त्या पुण्याच्या संघाविरुद्धच. असो.

होमेरस या बेटाबाहेर जगात कुठेच नाही. कंपासपेटीतली 15 सेंटिमीटरची पट्टी आठवा. पंख पसरले की साधारण तेवढं भरतं. काळपट तपकिरी अंग, त्यावर पिवळा रुंद पट्टा, मागच्या पंखांवर निळे ठिपके आणि चमच्यासारख्या शेपट्या. अमेरिका खंडांतलं हे सगळ्यात मोठं स्वॉलोटेल, म्हणजे पॅपिलिओच्या घराण्यातलं फुलपाखरू.

एके काळी ते जमैकाच्या सात परगण्यांत उडायचं. आज त्याचे दोनच गट उरलेत. एक पूर्वेला, ब्लू माउंटन आणि जॉन क्रो या डोंगररांगा जिथे भेटतात तिथल्या दमट रानात. दुसरा पश्चिमेला, कॉकपिट कंट्रीत.

ही कॉकपिट कंट्री म्हणजे चुनखडीचा मुलूख. पावसानं दगड विरघळून टोकदार टेकड्या झाल्यात आणि मधे खोल खळगे. गुलामीतून पळालेल्या मरून लोकांनी याच खळग्यांच्या आधारानं इंग्रज फौजेला जेरीला आणलं आणि 1739 मध्ये तह करायला लावला. गनिमी कावा आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. वाट नसलेली जागा कुणाच्या उपयोगाची असते, हे सिंहगडाच्या पायथ्याशी वाढलेल्याला ठाऊक असतं. फुलपाखरूही तिथे टिकलं ते बहुधा त्याच कारणानं.

(दृश्य: डोंगरउतारावरचा कॉफीचा मळा.)

पूर्वेकडे वाट झाली. ब्लू माउंटन कॉफीचं नाव जगभर झालं, उतारावरचं रान कापून कॉफी लावली गेली. काही ठिकाणी कॅरिबियन पाइनची लागवड झाली. 1988 च्या सप्टेंबरमध्ये गिल्बर्ट चक्रीवादळानं उरलेल्या रानालाही झोडपलं. डोंगर लांबून आजही हिरवागार दिसतो. पण पाइनच्या हिरव्यात होमेरसच्या मादीला टकटक करण्याजोगं एकही पान नाही.

कारण तिला लिंबू चालत नाही. तिला हर्नंडियाच लागतं. पूर्वेकडे या झाडाची एक जात, तिला तिथले लोक वॉटर माहो म्हणतात, आणि पश्चिमेकडे दुसरी. दोन्ही जमैकाबाहेर सापडत नाहीत. तेलाच्या डब्यात लावून गच्चीवर ठेवावं असलं हे झाड नव्हे, ओल्या सावलीच्या रानातलं झाड आहे. त्यात अंड्यांवर टपलेल्या बारीक गांधीलमाश्या. होमेरसच्या अंड्यात त्या आपलं अंडं घालतात, आणि बाहेर पडते ती माशी.

1987 पासून होमेरसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. संग्राहकांना आवर घालायला ती हवीच होती. पण माझ्या मते त्याहून मोलाच्या गोष्टी जमिनीच्या आहेत. 2015 च्या जुलैमध्ये ब्लू आणि जॉन क्रो डोंगर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, म्हणजे नीलवंताच्या मानानंतर महिन्याभरानं. पश्चिमेकडे बॉक्साइटच्या खाणींचं सावट होतं. 2017 मध्ये सरकारनं कॉकपिट कंट्रीच्या संरक्षित भागाची हद्द जाहीर केली आणि त्या हद्दीत खाणकाम होणार नाही असं सांगितलं. हद्द नेमकी कुठून जावी, यावर मात्र वाद होत राहिले.

(दृश्य: पुन्हा गच्ची. एप्रिलची दुपार.)

आमच्या लिंबाला आता दोन पानं उरलीत. बाकीची खाऊन सुरवंट डब्याच्या कडेखाली गेला, रेशमाचा एक धागा कमरेभोवती बांधला आणि त्याच रात्री कोष झाला. काकूंची कुरुड्यांची चादर दरवर्षी याच कोपऱ्यात पसरते. यंदा त्यांनी ती पाण्याच्या टाकीपलीकडे नेली. तिथे ऊन तासभर कमी असतं, हे त्या रोज ऐकवतात.