खांब नसलेली जागा

नमस्कार श्रोतेहो.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि साच्यांशी त्यांचा संबंध तुटला तो कायमचाच. त्यामुळे कुठे एखादा बंद पडलेला कारखाना पुन्हा कामाला लागला असं कळलं, की मी सगळं सोडून ते ऐकत बसतो. आज अशाच एका कारखान्याविषयी सांगायचं आहे. तो आहे इंग्लंडात, लंडनच्या वायव्येला वॉटफर्ड गावाजवळ. नाव लीव्ह्जडन.

दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानं जोडली जायची. हॅलिफॅक्स नावाची अवजड बॉम्बफेकी विमानं तिथून बाहेर पडली. ती जोडणाऱ्यांत लंडनच्या बस आणि भुयारी रेल्वेचे कामगार होते, बायकाही मोठ्या संख्येने होत्या. पण माझा जीव जडला आहे तो तिथल्या दुसऱ्या विमानावर. डी हॅविलंड कंपनीचं मॉस्किटो. हे विमान चक्क लाकडाचं होतं! बर्चच्या प्लायवूडचे दोन थर आणि मध्ये हलकंफुलकं बाल्सा लाकूड. शेंग उभी उकलावी तसं विमानाचं धड दोन भागांत तयार करायचे. भाग उघडे असतानाच आतल्या तारा आणि नळ्या बऱ्याचशा बसवून घ्यायचे, आणि मग दोन्ही टरफलं एकमेकांना चिकटवायची. युद्धात धातूची चणचण होती, पण खुर्च्या-कपाटं करणारे सुतार होते. त्यांचे हात या कामी आले.

युद्ध संपल्यावर लीव्ह्जडनमध्ये इंजिनं बनू लागली. पुढे कारखाना रोल्स-रॉईसकडे गेला, हेलिकॉप्टरची इंजिनं झाली, आणि १९९० नंतर थोड्याच वर्षांत तेही काम थांबलं. मागे उरल्या रिकाम्या शेड आणि एक धावपट्टी.

१९९४ साली जेम्स बाँडचा नवा चित्रपट काढणाऱ्यांना जागा हवी होती. नेहमीचा पाइनवूड स्टुडिओ मिळत नव्हता. शोधता शोधता ते या शेडमध्ये येऊन पोहोचले, आणि जागा त्यांना फारच सोयीची निघाली. त्याचं कारण साधं आहे. पंख लावलेलं विमान आत वळवायचं तर वाटेत खांब चालत नाही. छप्परही उंच लागतं. सिनेमाच्या सेटला नेमकं हेच हवं असतं. बाहेरच्या मोकळ्या मैदानावर त्यांनी सेंट पीटर्सबर्गचे रस्ते उभे केले आणि त्यांतून रणगाडा पळवला. तो ‘गोल्डनआय’.

मग २००० पासून दहा वर्षं तिथे हॅरी पॉटरचे आठ चित्रपट घडले. त्यातल्या जादूच्या शाळेचं मोठं भोजनगृह तुम्ही पडद्यावर पाहिलं असेल. त्याची जमीन खऱ्या दगडी फरशीची होती. सेट म्हटला की प्लायवूडवर रंग मारून दगड दाखवतात, पण कलादिग्दर्शकाने खऱ्या फरशीचा आग्रह धरला. शेकडो मुलं वर्षानुवर्षं त्यावरून धावली, आणि फरशी टिकली.

एक उणीव मात्र होती. छप्पर कारखान्याचं, बाहेरचा आवाज अडवण्याची सोय त्यात नव्हती. २०१० मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ती जागा विकत घेतली, दहा कोटी पौंडांहून जास्त खर्च केला, आवाजाचा बंदोबस्त केला, आणि २०१२ पासून लीव्ह्जडन कायमचा स्टुडिओ झाला. रोल्स-रॉईस गेली तेव्हा ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांची भरपाई यातून झाली असं मी म्हणणार नाही. पण जिथे लाकडाची विमानं जुळली, तिथे आज पुन्हा सुतार आहेत, रंगारी आहेत, वायरमन आहेत. या गोष्टीचं मला फार मोल वाटतं.

आपल्या गिरणगावात असं का झालं नाही? जमिनीच्या किमती हे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते खरंही आहे. पण इमारतीचाही विचार करावा लागतो. साचेखात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, त्यातून उत्तरेचा उजेड आत येणारं. स्टुडिओला तर अंधार लागतो. आणि खाली दर काही फुटांवर लोखंडी खांब. तरीही, पाडण्याआधी कोणती शेड कशाच्या कामी येईल, हे एकेक करून पाहायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. याच परळमध्ये १९४२ पासून शांताराम बापूंचं राजकमल कलामंदिर होतं. लाइटमन, सेटिंगवाले, पेंटर ही माणसं या भागाला परकी नव्हती.

आपल्याकडे बंद गिरण्यांत शूटिंग झालं, नाही असं नाही. कुलाब्याची मुकेश मिल त्यासाठी प्रसिद्धच आहे. पण तिथे कॅमेऱ्याला हवे होते ते पडके भाग, काजळलेल्या भिंती आणि मारामारीची दृश्यं.

एकदा घरी टीव्हीवर असंच एक दृश्य चालू होतं. कुठल्याशा गिरणीचं ओसाड खातं, नायकाच्या मागे गुंड लागलेले. वडील पुढे सरकून बसले. नायकाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पडद्यावरच्या खांबाकडे बोट करून म्हणाले, “अशाच खांबाला टेकून आम्ही डबा खायचो. दुपारी तो गार असायचा.”