टायरच्या आकड्यांमागची हवा

मित्रहो, सुरुवातीलाच एक गणित करू. माणसं आणि सामान धरून एखादी मध्यम मोटार पंधराशे किलोची झाली असं माना. तिच्या टायरांत ३३ पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब. पंधराशेला २.३ ने भागलं की साडेसहाशे चौरस सेंटिमीटर येतात. ते चार चाकांत वाटा. एका चाकाच्या वाट्याला एकशे साठच्या आसपास येतात. आपला पंजा पसरून बघा, जवळपास तेवढीच जागा. रबराचा थोडाफार आधार हिशेबात धरला तरी चित्र फारसं बदलत नाही. गाडी वळते, थांबते, पावसात रस्ता धरून ठेवते, ती या चार पंजांवर. आणि त्यांच्यावरचं बहुतेक सगळं ओझं हवेने उचललेलं असतं.

हे मी आधी सांगतो, कारण टायर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रबर येतं. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, ते विस्मरणात गेलं. पुढे १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि ती जगभर रुजली. तेव्हापासून आजपर्यंत टायर म्हणजे हवा कोंडून ठेवणारी मजबूत पिशवी. टायर निवडायचा म्हणजे ही पिशवी केवढी, किती हवा धरणारी आणि किती दाब सोसणारी, हे ठरवायचं.

आता गाडीकडे जाऊ. चालकाचा दरवाजा उघडला की चौकटीवर बहुधा एक छोटं स्टिकर दिसतं. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणामागे असतं. त्यावर कंपनीने मान्य केलेला टायरचा साइज आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. जुन्या टायरवरचा नंबर वाचून तोच मागवू नका, आधी स्टिकर वाचा. गाडी तुमच्याकडे येण्याआधी कुणी भलताच साइज घालून ठेवलेला असू शकतो.

समजा तिथे लिहिलंय १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ हे मिलिमीटर नव्हेत, ती टक्केवारी आहे: साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे घातलेला टायर. १५ हा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा व्यास, आणि तो इंचांत. ८८ आणि एच यांच्याकडे पुढे येऊ. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तीन हिशेब एकत्र नांदतात, म्हणून माणसं गोंधळतात. त्यात त्यांचा दोष नाही.

कागद असेल तर माझ्याबरोबर मांडा. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५. साइडवॉल वर एक, खाली एक, म्हणून दुप्पट: २४०.५. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज ६२१.५. ही तुमच्या चाकाची एकूण उंची. बाकी काहीही बदला, हा आकडा जपा. गाडीचं स्पीडमीटर, गिअरचं प्रमाण, ब्रेक, एबीएसचे (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर, सगळे याच आकड्यावर विसंबून आहेत.

आता मोहाचा प्रसंग. त्याच रिमवर जरा भरदार टायर हवा म्हणून कुणी २०५/६५ आर १५ सुचवतो. रुंदी तर फक्त २० मिलिमीटरने वाढली, असं वाटतं. पण ६५ ही टक्केवारी आहे ना? रुंदीबरोबर उंचीही वाढली. मांडून बघा, व्यास ६४७.५ येतो. म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. काटा शंभर दाखवेल तेव्हा चाक आधीपेक्षा चार टक्के जास्त अंतर कापत असेल. स्पीडमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये असा संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत नियम आहे. म्हणून कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात. मोठा टायर घातला की ती राखीव जागा आपण खाऊन टाकतो. शिवाय वळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासतो, तो भाग वेगळाच.

मोठं रिम घालायचं तर रीत अशी: रिम एक इंचाने वाढलं की वरची-खालची साइडवॉल मिळून तेवढीच उतरवायची. १९५/५५ आर १६ घ्या. व्यास ६२०.९. मूळ आकड्याला अगदी लागून. २०५/४५ आर १७ घ्या, ६१६.३. एक टक्क्याच्या आतला फरक. दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा धंद्यातला ठोकताळा आहे. मी स्वतः दीड टक्क्यावरच थांबतो.

इथपर्यंतचं गणित इंटरनेटवरचा कुठलाही कॅल्क्युलेटर करून देतो. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि पुढची गोष्ट राहून जाते. ती मला आज सांगायची आहे.

व्यास जुळला, पण हवा कुठे गेली? पंधराच्या रिमवर साइडवॉल १२० मिलिमीटर होती, सतराच्या रिमवर ती ९२ वर आली. पिशवी लहान झाली, ओझं मात्र तेवढंच आहे. लहान पिशवीने तेच ओझं उचलायचं तर दाब वाढवावा लागतो, दुसरा उपाय नाही. हे टायरवर लिहिलेलं असतं, पण सांकेतिक आकड्यात. ८८ हा भारांक. ८८ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ५६० किलो. ८४ म्हणजे ५००. आता २०५/४५ आर १७ हा साइज ८४ मध्येही मिळतो आणि ८८ एक्सएलमध्येही. एक्सएल म्हणजे जास्त दाब भरून जास्त ओझं उचलणारा टायर. दिसायला दोन्ही सारखे, रुंदी तीच, नक्षीसुद्धा तीच असू शकते. पण ८४ चा घेतलात तर प्रत्येक चाकामागे ६० किलोची क्षमता गेली, चारही चाकांची मिळून २४०. तीन-चार माणसांचं वजन झालं हे. गाडी एकट्याने चालवताना काही जाणवणार नाही. भर उन्हात, पूर्ण भरलेल्या गाडीने तासन् तास वेगाने जाल तेव्हा साइडवॉल जास्त वाकेल, वाकून तापेल, आणि तापलेलं रबर आतल्या थरांपासून सुटू लागेल. टायर फुटला की लोक रस्त्यावरच्या खिळ्याला दोष देतात.

एक्सएल घेतला तरी काम संपत नाही. साध्या टायरचा भारांक २५० किलोपास्कल, म्हणजे ३६ पीएसआयवर धरलेला असतो. एक्सएलचा २९०, म्हणजे ४२ पीएसआयवर. म्हणून एक्सएलमध्ये जुन्या स्टिकरवरचाच दाब ठेवलात तर ८८ चं ओझं तो ८८ सारखं उचलणार नाही. त्या साइजसाठी टायर कंपनीचा दाब-भार तक्ता मागा. मागितला की मिळतो, पण मागणारे फार थोडे.

मी हे स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या गाडीला मी दोन इंच मोठी चाकं बसवून घेतली. व्यास मोजला होता, त्याचा अभिमानही होता. हवा मात्र जुन्या स्टिकरप्रमाणेच भरत राहिलो आणि बसवणाऱ्यानेही काही सांगितलं नाही. पाण्याने भरलेला एक खड्डा दिसला नाही. आवाज रबराचा नव्हता, धातूवर धातू आपटल्याचा होता. रिमची कडा वाकली आणि साइडवॉलवर अंड्याएवढा फुगा आला. फुगा म्हणजे आतले धागे तुटले. त्याची दुरुस्ती होत नाही, तो टायर काढायचाच. गाडीत मागे माझी आई बसली होती. त्या दिवसापासून मी टायरचा भारांक आधी वाचतो आणि नक्षी नंतर पाहतो.

टायरबरोबर रिमही बदलणार असाल तर त्याचेही आकडे आहेत, आणि ते जास्त फसवे आहेत. बोल्टांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास बघा. चार भोकं १०० मिलिमीटरवर असतात, आणि काही गाड्यांना ९८ वर. दोन मिलिमीटरचा फरक. नट ओढून आवळला की चाक बसल्यासारखं दिसतं, पण प्रत्येक बोल्टावर बाजूने ताण पडतो आणि नट हळूहळू सैल होतात. असं चाक कुणी बसवून देत असेल तर तिथून गाडी परत घेऊन या. नटाची बैठकही बघायची: काही शंकूसारखी, काही गोल. एकाचा नट दुसऱ्याला चालत नाही. रिमचं मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्या तुंब्यावर बसतं त्यापेक्षा, मोठं असेल तर मध्ये नेमक्या मापाची कडी लागते, नाही तर बॅलन्सिंग करूनही ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत राहतं.

मग ऑफसेट. रिमवर ईटी ४५ असं काहीसं लिहिलेलं असतं. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू ४५ मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, असा त्याचा अर्थ. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. सहा इंच रुंदीचं, ईटी ४५ चं रिम काढून सात इंचाचं, ईटी ३५ चं घातलंत असं समजा. रुंदीमुळे दोन्ही कडा १२.७ मिलिमीटरने सरकल्या, ऑफसेटमुळे सगळं चाक १० ने बाहेर आलं. बाहेरची कडा जवळजवळ २३ मिलिमीटर पुढे आली. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं, स्टिअरिंग खड्ड्यात हिसके देतं, बेअरिंगवर जास्त तरफ पडते. रुबाबासाठी असं करणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, हे करू नका.

रुंद टायरची पकड जास्त, हे कोरड्या रस्त्यावर बऱ्याच अंशी खरं आहे. साचलेल्या पाण्यावर उलट होतं. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते सारता आलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. तिथे उपयोगी पडते खाचांची खोली. नव्या टायरला ती साधारण आठ मिलिमीटर असते. अनेक देशांत कायद्याची मर्यादा १.६ आहे, आणि खाचांच्या तळाशी त्याच उंचीचे छोटे उंचवटे खूण म्हणून दिलेले असतात. नक्षी त्या खुणांपर्यंत झिजेस्तोवर मी थांबत नाही. तीन मिलिमीटर उरले की पावसाआधी बदलतो.

दोनच नवे घेणार असाल तर ते मागे लावा. हे सांगितलं की दरवेळी वाद होतो, कारण बहुतेक गाड्यांची पुढची चाकं ओढतात आणि लवकर झिजतात, म्हणून नवे पुढे लावावेत असं वाटतं. पण पावसात पुढचे टायर सुटले तर स्टिअरिंग हलकं होतं, हाताला ते कळतं, पाय आपोआप उचलला जातो. मागचे सुटले तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि कळेपर्यंत वेळ गेलेली असते. कमी झिजलेले जुने पुढे आणा, नवे मागे जाऊ द्या. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला मात्र चारही सोबतच बदलणं बरं. व्यासातला लहानसा फरकही तिच्या डिफरन्शियलला, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांना, सतत राबवतो.

वेगाचं अक्षर थोडक्यात: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर ताशी. स्टिकरवरच्या अक्षराच्या खाली जाऊ नका, वर गेलात तर चालतं. भारांकालाही हाच नियम.

पैसे देण्याआधी साइडवॉलवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नवा दिसतो, रबर मात्र वय मोजत असतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी काढावा, असं अनेक टायर कंपन्याच सांगतात. स्टेपनीलाही हे लागू आहे. ती कधी रस्त्यावर उतरलेली नसते, म्हणून तिचं वय कुणी पाहत नाही.

बसवून झालं की थंड टायरमध्ये दाब मोजा. साइडवॉलवर छापलेला सर्वांत मोठा दाब भरायचा नसतो, ती टायरची कमाल मर्यादा आहे. साइज तोच ठेवला असेल तर स्टिकरवरचा दाब, बदलला असेल तर तक्त्यातला. आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळून घ्या. नवं रिम पहिल्या काही किलोमीटरमध्ये हबवर बसतं, तेव्हा नट किंचित ढिले पडतात.