अडीनडीचा पैसा: मागितल्यापासून हातात पडेपर्यंत किती वेळ?

श्रोतेहो, नमस्कार.

घरातली शिल्लक मोजताना आपण रक्कम बघतो, व्याजाचा दर बघतो. पण तो पैसा मागितल्यावर किती वेळात हातात पडेल, हे बघायचं राहून जातं. रात्री अकरा वाजता दवाखान्यात 30,000 रुपये अनामत भरायला सांगतात, तेव्हा पोस्टातल्या पाच वर्षांच्या ठेवीचा काही उपयोग नसतो. म्हणून आज अडीनडीच्या पैशाची मांडणी दराआधी वेळ पाहून करू.

महिन्याला 40,000 रुपये खर्च असलेलं एक घर घ्या. सहा महिन्यांची तजवीज म्हणजे 2,40,000 रुपये. हे सगळे बचत खात्यात पडून राहिले आणि बँक अडीच टक्के देत असली, तर वर्षाला 6,000 रुपये व्याज मिळतं. आता त्यातले 60,000 बचत खात्यात ठेवा आणि 1,80,000 मुदत ठेवीत टाका. दर उदाहरणापुरता सव्वासहा टक्के धरू. बचतीचे 1,500 आणि ठेवीचे 11,250 मिळून 12,750 होतात. दुपटीहून जास्त. आणि ठेव नीट बांधली तर पैसा तितकाच हाताशी राहतो.

नीट बांधायची म्हणजे 1,80,000 ची एकच पावती करायची नाही. 30,000 च्या सहा करायच्या. कारण मुदतीआधी ठेव मोडली की बँक ठरलेला दर देत नाही. ठेव जितके दिवस राहिली तितक्या मुदतीचा, ठेव ठेवली त्या दिवशीचा दर लावते आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का दंड कापते. समजा, एक लाखाची वर्षभराची ठेव साडेसहा टक्क्यांनी ठेवली आणि तीन महिन्यांनी मोडली. तीन महिन्यांचा दर साडेचार असेल आणि दंड एक टक्का, तर हाती साडेतीन टक्के उरतात. तीन महिन्यांचे 1,625 च्या जागी 875 रुपये. गरज 25,000 ची असताना लाखाची पावती मोडली, तर उरलेल्या 75,000 वरही हा फटका बसतो. 30,000 ची पावती मोडली तर बाकीच्या पाचांना धक्का लागत नाही. आणि सात दिवसांच्या आत मोडलेल्या ठेवीवर व्याजच मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पावती पिकायला थोडेच दिवस उरले असतील तर ती मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मागा, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून तात्पुरती उचल घ्या. बँका साधारण ठेवीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देतात, ठेवीच्या दरावर टक्का-दोन टक्के जास्त लावून. 50,000 रुपये साडेसात टक्क्यांनी 20 दिवस वापरले तर व्याज होतं सुमारे 205 रुपये. तीच वर्षाची एक लाखाची ठेव 20 दिवस आधी मोडली, तर एक टक्का दंडापायीच साडेनऊशेच्या आसपास जातात. ही सोय आधीच करून ठेवली तर रात्रीही वापरता येते. ऐन वेळी शाखेत जाऊन अर्ज करावा लागला तर मात्र दिवस मोडतो.

ज्यांना सहा पावत्या सांभाळायचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी स्वीप खातं आहे. बचत खात्यात ठरावीक मर्यादेच्या वर गेलेली रक्कम आपोआप ठेवीत वळते आणि खात्यात कमी पडली की तेवढीच परत येते. उघडताना दोन गोष्टी विचारा. पहिली, ठेव किती-किती रुपयांनी मोडते? हजार-हजाराने मोडत असेल तर उत्तम. काही ठिकाणी अख्खी पावतीच मोडते, मग स्वीपचा अर्थच उरत नाही. दुसरी, आधी कुठली ठेव मोडते, जुनी की नवी? नवी आधी मोडली तर जुन्या ठेवीचं पिकत आलेलं व्याज वाचतं.

पोस्टाच्या बचत खात्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तिथे चार टक्के मिळतात आणि तरी पुष्कळांचं व्याज हातातून निसटतं. बँकांमध्ये 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज धरतात. पोस्टात अजूनही दहा तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिल्लकेवर धरतात. म्हणजे पासबुकावर 50,000 असताना तुम्ही 11 तारखेला एक लाख भरले, तर त्या लाखावर त्या महिन्याचं व्याज शून्य. 333 रुपये गेले. तोच भरणा 10 तारखेला झाला असता तर मिळाले असते. काढतानाही तसंच: 28 तारखेला काढले तर त्या रकमेचं महिन्याचं व्याज बुडतं, पुढच्या 1 तारखेला काढले तर ते पदरात पडतं. थोडक्यात, पगार उशिरा होणाऱ्यांनी आणि रोज पैसे काढणाऱ्यांनी पोस्टाचं खातं चालू व्यवहारासाठी वापरू नये. शिल्लक जागची हलणार नसेल तर जरूर ठेवावी, त्यामागे भारत सरकारची हमी आहे.

लिक्विड फंड, म्हणजे अगदी कमी मुदतीचा म्युच्युअल फंड, बरेच जण सुचवतात. त्यात 91 दिवसांच्या आत पिकणारे रोखे असतात. पैसे सहसा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. ज्या योजनांत तात्काळ काढण्याची सोय आहे, तिथे दिवसाला 50,000 किंवा शिल्लकेच्या 90 टक्के, यांत जे कमी ते मिळतं. सात दिवसांच्या आत काढले तर किरकोळ शुल्क कापतात. पण यात हमी नाही आणि ठेवविमाही, म्हणजे बँक अडचणीत आल्यावर ठेवीला मिळतो तो विमाही, नाही. तात्काळ काढण्याची सोय नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी विकलेला फंड शनिवारी सकाळी पैसे देत नाही. म्हणून माझ्या मते घरात पहिले तीन महिन्यांचे पैसे बँकेत भरल्यावरच फंडाकडे वळावं.

आता बँक कुठली, हा प्रश्न. ठेवविमा एका माणसाला एका बँकेत 5 लाखांचा आहे. सगळ्या शाखा, बचत, मुदत, मुद्दल आणि व्याज हे सारं त्यातच आलं. नोंदणीकृत सहकारी बँकांनाही तो लागू आहे, पण पतसंस्थांना नाही. पाटीवर नाव कितीही बँकेसारखं वाटलं तरी आधी विचारा. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यामागे फक्त 1,000 रुपये काढता येत होते. त्यानंतर फेब्रुवारी 2020 मध्ये विम्याची रक्कम एक लाखावरून पाच लाख झाली, आणि 2021 च्या दुरुस्तीने निर्बंधांनंतर 90 दिवसांत ती देण्याची तरतूद आली. पण ते 90 दिवस घर कशावर चालणार? त्यासाठी अडीनडीचा पैसा दोन बँकांत असावा, दोन्हींची कार्डं चालू असावीत. एका बँकेच्या सर्व्हरने दम टाकला तरी दुसरी उपयोगी पडते.

फोन हरवला तर यूपीआय आणि ओटीपी दोन्ही एकदम जातात. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले 24 तास बहुधा 5,000 रुपयांचीच मर्यादा असते. त्यामुळे एक कार्ड घरात, पाकिटाबाहेर ठेवा, त्याचा पिन नवरा-बायको दोघांना पाठ असू द्या. सोबत शंभर-दोनशेच्या नोटांत पाच-दहा हजार रोख असावेत.

सगळ्यात मोठी अडचण मात्र पैशाची नसते, सहीची असते. ठेव एकट्याच्या नावावर आहे, तो माणूस अतिदक्षता विभागात आहे आणि बायकोला पावती मोडता येत नाही. संयुक्त ठेव ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी असली, तरी मुदतीआधी मोडायला एरवी दोघांच्याही सह्या लागतात. म्हणून बचत खातं आणि त्यातली पुरेशी रक्कम दोघांच्या नावे असू द्या. ठेवीवर ‘एकाच्या पश्चात दुसऱ्याला मुदतीआधी काढता येईल’ अशी लेखी सूचना दोघांच्या सहीने देऊन ठेवा. शाखेत याचा अर्ज मिळतो, ठेव चालू असतानाही देता येतो. नॉमिनीची, म्हणजे पश्चात पैसे घेणाऱ्याची, नोंद पावतीवर छापून आली का, तेही डोळ्यांनी बघा. 1 नोव्हेंबर 2025 पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात.

हे सगळं जमलं की एकदा चाचणी घ्या. रविवारी रात्री नऊ वाजता स्वीपमधले 1,000 रुपये मोडून दुसऱ्या बँकेच्या खात्यात पाठवा, तिथून एटीएममधून काढा. कुठे अडतंय ते लगेच कळेल: पासवर्ड संपलेला असेल, कार्ड बंद पडलेलं असेल किंवा खात्यात दोन वर्षं व्यवहार न झाल्याने ते निष्क्रिय झालेलं असेल. केवायसीचे कागद घेऊन सोमवारी सकाळी शाखेत गेलात तर ते पुन्हा सुरू होतं.

नमस्कार.